पहिली शॉर्टफिल्म करताय? कॅमेरा उचलण्याआधी जॉनरशी ओळख करून घ्या

माझी पहिली शॉर्टफिल्म चौदा मिनिटांची होती आणि माझ्या समजुतीप्रमाणे ती भयपट होती. ओळखीच्या वीसेक लोकांना दाखवली. पाचव्या मिनिटाला एक जण हसला, मग आणखी दोघं. संपल्यावर एका मित्राने अगदी मनापासून विचारलं, "मग शेवटी ते नवरा-बायको वेगळे होतात का?" मी भूत दाखवत होतो आणि तो संसार बघत होता. चूक त्याची नव्हती. पहिली चार मिनिटं मी स्वयंपाकघरातल्या भांडणाला दिली होती, तीही लख्ख उजेडात, दोघांचे आलटूनपालटून क्लोजअप लावून. एवढं बघून कुणीही कौटुंबिक नाट्यच धरून बसलं असतं.

तोवर मला वाटायचं, जॉनर, म्हणजे भयपट, विनोदी, प्रेमकथा असा फिल्मचा प्रकार, हा नुसता पोस्टरवर छापायचा शब्द. फिल्म झाली की बघू. पण प्रेक्षक तुमच्या पोस्टरसाठी थांबत नाही. पहिल्या मिनिटात जे दिसतं आणि ऐकू येतं त्यावरून तो ठरवून मोकळा होतो की आपण कशाची वाट बघायची. दिग्दर्शकाच्या हातात एवढंच असतं की हे आपण ठरवायचं, की आपोआप ठरू द्यायचं. पुढच्या पायऱ्या मी तीन फिल्मनंतर, बऱ्याच चुका करून जमवल्या आहेत.

काय काय जवळ हवं

- कागदाची वही. फोनवर नोंदी करायला गेलात तर फिल्म बघणं राहून जातं.
- हेडफोन आणि स्टॉपवॉच.
- तुमच्या जॉनरच्या पाच फिल्म: तीन गाजलेल्या, एक जुनी, एक सपशेल फसलेली. फसलेली वगळू नका, सगळ्यात जास्त तीच शिकवते.
- लूक टेस्टसाठी (उजेडात चेहरा कसा दिसतो ते तपासायला) फोनचा कॅमेरा आणि एक टेबल लॅम्प.
- कागदपत्रांत: लोकेशनच्या मालकाची लेखी परवानगी, कलाकारांची लेखी संमती, आणि संगीत दुसऱ्याचं असेल तर त्याचे हक्क. एडिट करताना तात्पुरतं म्हणून लावलेलं गाणं शेवटपर्यंत राहतं आणि मग फिल्म कुठे पाठवताच येत नाही. हे माझ्या बाबतीत झालंय.

१. प्रेक्षकाच्या मनातला प्रश्न लिहा

कथा एका ओळीत लिहा, असं सगळेच सांगतात. त्याखाली आणखी एक ओळ लिहा: बघणारा मनात कोणता प्रश्न धरून बसणार आहे?

एक साधा प्रसंग घेऊ. माणूस रात्री घरी येतो, दार आतून बंद आहे. रहस्यपटात प्रश्न असतो, आत कोण आहे आणि का. थरारपटात आत कोण आहे हे आपल्याला ठाऊक असतं. प्रश्न इतकाच की त्याला वेळेत कळेल का. भयपटात शंका वेगळीच, आत जे आहे ते माणूस तरी आहे का. विनोदी फिल्ममध्ये हा आत शिरणार हे नक्की असतं, किती फजिती होऊन ते बघायचं असतं. आणि प्रेमकथेत, ती दार उघडेल का?

घटना तीच आहे, पण प्रश्न बदलला की कॅमेऱ्याची जागा बदलते. रहस्यात तो माणसाच्या खांद्यामागे, बाहेरच थांबतो, कारण माणसाला जेवढं कळतं तेवढंच आपल्याला कळायला हवं. थरारात तो आधी आत जाऊन येतो. भयपटात दाराखालच्या फटीवर रेंगाळतो. विनोदात लांब उभा राहतो, म्हणजे दार, खिडकी आणि खिडकीत अडकलेला माणूस एकाच फ्रेममध्ये दिसतील. प्रेमकथेत दाराच्या दोन्ही बाजूंचे चेहरे लागतात. हे शॉट सुंदर आहेत की नाहीत हा नंतरचा भाग. आधी ते प्रश्नाला धरून आहेत का ते बघा.

थरारपटांसाठी गाजलेला दिग्दर्शक हिचकॉक याने फ्रेंच दिग्दर्शक फ्रान्स्वा त्रुफोला दिलेल्या मुलाखतींत टेबलाखालच्या बॉम्बचं उदाहरण दिलंय, ते इथे फार कामाला येतं. बॉम्ब आहे हे प्रेक्षकाला सांगितलं नाही, तर स्फोटाच्या वेळी पंधरा सेकंदांचा धक्का मिळतो. आधी सांगून ठेवलं, तर टेबलावरच्या त्याच कंटाळवाण्या गप्पा पंधरा मिनिटं जीव टांगणीला लावतात. संवादाचा एक शब्दही बदलावा लागत नाही.

प्रश्नाची ओळ लिहिताना दोन प्रश्न सुचले तर थांबा. दहा मिनिटांच्या फिल्मला एक पुरतो.

२. पाच फिल्म बघा, पण हिशेब ठेवून

प्रत्येक फिल्मचा एकच महत्त्वाचा प्रसंग निवडा, पाच-सात मिनिटांचा, आणि तो तीनदा बघा.

पहिल्यांदा आवाज बंद करून. उजेड कुठून येतो, कॅमेरा हलतो की बसून राहतो, माणसाभोवती मोकळी जागा किती सोडली आहे, हे लिहा. दुसऱ्यांदा डोळे मिटून, फक्त हेडफोनवर. संगीत कधी सुरू होतं यापेक्षा कधी थांबतं ते टिपा. तिसऱ्यांदा स्टॉपवॉच घेऊन शॉट मोजा. पाच मिनिटांत किती शॉट आले आणि सगळ्यात लांब शॉट किती सेकंदांचा होता?

काम कंटाळवाणं आहे, पण पाच फिल्मच्या नोंदी शेजारी ठेवल्यावर जे सगळीकडे सापडतं तो त्या जॉनरचा संकेत. जे एकाच फिल्ममध्ये सापडतं ती त्या दिग्दर्शकाची लकब. नवखे लोक नेमकी लकब उचलतात आणि संकेत सोडून देतात. माझ्या भांडणाच्या प्रसंगात एक तिरपा शॉट होता, एका आवडत्या दिग्दर्शकाचा. तो तिथे का आहे, असं डीओपीने, म्हणजे छायाचित्रकाराने, विचारलं तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं.

३. संकेतांचे दोन ढीग करा

वहीतल्या नोंदी दोन भागांत वाटा. एका बाजूला दिसणाऱ्या वस्तू: पाऊस, जुना वाडा, टोपी, पिस्तूल, धुकं. दुसऱ्या बाजूला गोष्ट चालवणारी रचना: परका माणूस गावात येतो, दोन टोळ्यांमधलं वैर ओळखतो, दोघींना खेळवतो. रिक ऑल्टमन या अभ्यासकाने १९८४ मध्ये साधारण हाच भेद मांडला होता. जॉनरचा शब्दसंग्रह वेगळा आणि त्याचं व्याकरण वेगळं, असं म्हणा ना.

व्याकरण घट्ट असलं की वस्तू बदलल्या तरी चालतं. अकिरा कुरोसावाच्या १९६१ च्या 'योजिम्बो'मध्ये तलवारी आहेत. सर्जिओ लिओनेच्या १९६४ च्या 'अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स'मध्ये पिस्तुलं आली आणि गोष्ट तशीच चालली. इतकी तशीच, की प्रकरण कोर्टात गेलं आणि तडजोड करावी लागली. म्हणून सावध राहा. एकटा परका माणूस आणि दोन टोळ्या, हा संकेत सगळ्यांचा आहे. पण कुणाचा प्रसंगामागून प्रसंग उचललात, तर ती उचलेगिरीच.

उलटंही होतं. वस्तू सगळ्या जमवल्या आणि व्याकरण विसरलं, तर फॅन्सी ड्रेस स्पर्धा होते. धुकं, वाडा, मेणबत्ती सगळं आहे आणि भीती कुठेच नाही, अशा फिल्म तुम्हीही पाहिल्या असतील. पाचव्या, फसलेल्या फिल्मच्या नोंदी इथे उघडून बघा.

४. संकेत कुठून आला ते शोधा

ही पायरी मी बरीच वर्षं गाळत होतो. पाळायचं काय आणि टाकायचं काय, हे मला खरं तर हिच्यामुळे कळायला लागलं.

काही संकेत अडचणीतून जन्मले. १९७५ च्या 'जॉज'मधला यांत्रिक शार्क समुद्राच्या पाण्यात सारखा बंद पडत होता. स्टीव्हन स्पीलबर्गला तो फार दाखवताच आला नाही. मग पाण्यावर ओढले जाणारे पिंप, पाण्याखालून वर बघणारा कॅमेरा आणि जॉन विल्यम्सचे दोन स्वर यांच्यावर भार टाकावा लागला. आज राक्षस शेवटपर्यंत लपवायचा हा भयपटाचा नियम वाटतो. अडचण त्या शार्कबरोबर संपली, पण जे दिसत नाही ते मनात मोठं होतं हे कारण अजून जिवंत आहे. असा संकेत पाळा.

फिल्म न्वारचा, म्हणजे हॉलिवूडच्या त्या काळोख्या गुन्हेपटांचा, अंधारही असाच मिश्र. युरोपातून हॉलिवूडला आलेल्या दिग्दर्शक-छायाचित्रकारांची नजर त्यात होती, कमी बजेट होतं आणि युद्धकाळात सेटच्या सामानावर आलेली मर्यादाही होती. अर्धा सेट अंधारात गेला की अर्धाच बांधावा लागतो. गंमत म्हणजे त्या फिल्म बनवणाऱ्यांना आपण 'न्वार' बनवतोय हे माहीतच नव्हतं. हे नाव निनो फ्रँक या समीक्षकाने १९४६ मध्ये फ्रान्समध्ये बसून दिलं.

काही संकेत वरून लादलेले असतात. हॉलिवूडमध्ये १९३४ पासून १९६८ पर्यंत प्रॉडक्शन कोड (फिल्ममध्ये काय दाखवायचं आणि काय नाही याची नियमावली) चालला आणि गुन्हेगाराला शिक्षा होताना दाखवणं भाग पडलं. आपल्याकडे 'शोले'चा मूळ शेवट, ज्यात ठाकूर गब्बरला मारतो, तो १९७५ मध्ये सेन्सॉरच्या आक्षेपानंतर बदलला आणि पोलीस मध्ये आले. तेव्हा तुमच्या पटकथेत शेवटी पोलीस येत असतील तर एकदा विचारा, यांना कुणी बोलावलंय? गोष्टीने, की सवयीने?

प्रत्येक संकेतापुढे एक शब्द लिहा: गरज, बंधन किंवा सवय. सवयी खोडायला हरकत नाही. गरजेला हात लावताना दहादा विचार करा.

५. संकेत प्रत्येक विभागाच्या भाषेत उतरवा

"मला डार्क मूड हवाय" असं डीओपीला सांगणं म्हणजे काहीच न सांगणं. टीमपुढे जाण्याआधी एका पानावर चार मथळे लिहा: कॅमेरा, उजेड, आवाज, वेळ.

कॅमेरा. भयपटाला फ्रेममध्ये रिकामी जागा लागते. माणूस एका कडेला, मागे उघडं दार. बघणाऱ्याची नजर आपोआप दाराकडे जाते आणि तिथे काहीही न घडवता तुमचं काम होतं. विनोदाला संपूर्ण शरीर लागतं. बस्टर कीटनच्या १९२६ च्या 'द जनरल'मध्ये वाइड शॉट पुन्हा पुन्हा येतात, कारण आगगाडी आणि माणूस एकत्र दिसले तरच ते खरंच घडलंय यावर विश्वास बसतो. तिथे कट मारला की हसू अर्ध्यावर येतं. क्लोजअपमध्ये पडणारा माणूस करुण वाटतो, वाइडमध्ये पडणारा हसवतो. शॉर्टफिल्मवाल्यांनी एवढं जरी लक्षात ठेवलं तरी बऱ्याच विनोदी फिल्म वाचतील.

उजेड. फिल लाइट, म्हणजे सावल्या भरून काढणारा दिवा, जितका कमी, तितका चेहऱ्याचा अर्धा भाग काळोखात. थरारपट आणि न्वार यावरच उभे आहेत. विनोदाला आणि हलक्या प्रेमकथेला सपाट, भरपूर उजेड चालतो, कारण तिथे प्रेक्षकाला काही शोधायचं नसतं. टेबल लॅम्प घेऊन एकाच चेहऱ्याचे पाच फोटो काढा: समोरून, बाजूने, वरून, खालून, मागून. कोणता कोणत्या जॉनरचा, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. एक सापळा मात्र आहे. अंधार म्हणजे कमी एक्स्पोजर नव्हे. दिवे बंद करून शूट केलंत तर चित्रात फक्त नॉइज, म्हणजे दाणेदार ठिपके, मिळेल. अंधार दाखवायला कुठेतरी एक नीट ठेवलेला दिवा लागतो.

आवाज. नवखे इथे सगळ्यात कमी वेळ देतात आणि इथेच जॉनर ठरतो. जॉन कारपेंटरने 'हॅलोवीन' (१९७८) संगीत लावण्याआधी एका स्टुडिओच्या अधिकारी बाईंना दाखवली, तर त्यांना जराही भीती वाटली नाही. मग त्याने स्वतः पियानोवर पाच मात्रांची ती धून बसवली. पाच मात्रांमुळे कानाला ठेका कुठे संपतो तेच कळत नाही, आणि ती अस्वस्थता चित्रालाही चिकटते. 'सायको'साठी (१९६०) बर्नार्ड हरमनने फक्त तंतुवाद्यं वापरली. शॉवरच्या प्रसंगाला संगीतच नको असं हिचकॉकचं आधी मत होतं. ऐकल्यावर त्याने ते बदललं.

तुमच्याकडे वाद्यवृंद नसेल. रूम टोन, म्हणजे त्या जागेचा स्वतःचा बारीक आवाज, तर असेल? प्रत्येक लोकेशनवर सगळ्यांना गप्प बसवून एक मिनिट नुसती शांतता रेकॉर्ड करा. भयपटात तीच वापरायची असते, आणि ती मध्येच काढून घेतली की बघणारा दचकतो.

वेळ. वेळापत्रकही जॉनरच लिहितो. भयपट म्हणजे रात्रीचं शूट, आणि रात्री टीम दिवसापेक्षा हळू चालते. विनोदाला टेक जास्त लागतात, कारण संवाद आणि हालचाल यांचा मेळ पहिल्या फटक्यात बसत नाही. मारामारीला तालीम लागते आणि जाणकार माणूस सेटवर हवा. हौशी कलाकारांना खरीखुरी झटापट करायला लावू नका. गप्पांवर चालणारी प्रेमकथा सगळ्यात स्वस्त दिसते, पण दोन कलाकारांचं जमलं नाही तर ती वाचवायला एडिटमध्ये काहीच नसतं.

६. मोडायचा असेल तर एकच मोडा

'सायको'तली नायिका पहिल्या अर्ध्या भागातच मारली जाते. हा संकेतभंग सगळ्यांना आठवतो, पण त्याआधीची तयारी कमी जण बघतात. चोरलेले पैसे, मागे लागलेला पोलीस, पावसातला प्रवास: थरारपटाचा एकेक नियम हिचकॉकने चोख पाळला होता. जॅनेट ली त्या वेळची नामवंत तारका, तिची गोष्ट शेवटपर्यंत चालणार हे प्रेक्षकाने गृहीतच धरलं होतं. फिल्म सुरू झाल्यावर कुणालाही आत सोडायचं नाही, हा चित्रपटगृहांना घातलेला नियमही त्यातलाच. उशिरा आलेला माणूस नायिकेचीच वाट बघत बसला असता.

नागराज मंजुळे यांच्या 'सैराट'मध्ये (२०१६) पूर्वार्ध प्रेमकथेचा प्रत्येक लाड पुरवतो: चोरटी नजर, गाणी, भव्य वाद्यवृंद. शेवटच्या प्रसंगात आवाजच काढून घेतला जातो. आधी संगीत इतकं भरभरून दिलेलं नसतं, तर ती शांतता एवढी ऐकू आली नसती. चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' (२०१४) दुसऱ्या टोकाचा. खटला आहे, वकील आहेत, न्यायाधीश आहेत, पण कोर्टरूम ड्रामातली ती गाजणारी भाषणं नाहीत. कॅमेरा लांब, स्थिर, आणि कामकाज पुढच्या तारखेवर जात राहतं. वस्तू जॉनरच्या आहेत, ताण मात्र मुद्दाम काढून घेतलाय, आणि विषयही तोच आहे.

पहिल्या फिल्ममध्ये सगळेच नियम मोडायची हौस असते. मलाही होती. सगळं मोडलं की प्रेक्षकाला काही मोडलंय हेच कळत नाही. त्याला वाटतं, याला जमलं नाही. पानावर एकाच संकेतावर लाल खूण करा, आणि तो मोडण्याआधी निदान तीनदा पाळून दाखवा.

दोन जॉनर मिसळायचे असतील तर एक मालक आणि एक पाहुणा ठरवा. विनोदी भयपटात शेवट कुणाचा, हसण्याचा की किंचाळण्याचा? जो शेवट करतो तो मालक. दोघांना समान वाटा देऊ गेलात तर एडिट टेबलवर भांडण तुमचं आणि एडिटरचं होतं.

७. पहिला कट तीन मिनिटांनी थांबवा

फर्स्ट कट (फिल्मचं पहिलं एडिट) झाला की गोष्ट माहीत नसलेल्या चार-पाच जणांना बसवा. नाव सांगू नका, पोस्टर दाखवू नका. तीन मिनिटांनी फिल्म थांबवा आणि प्रत्येकाला कागदावर एकच गोष्ट लिहायला सांगा: आता पुढे काय होईल असं वाटतंय? कशी वाटली, हे विचारू नका, त्याला सगळे छानच म्हणतात.

ती उत्तरं पहिल्या पायरीतल्या ओळीशी ताडून बघा. जुळत नसतील तर पुन्हा शूट करायच्या आधी क्रम बदलून बघा, आवाज बदलून बघा. बऱ्याचदा गोंधळ पहिल्या तीस सेकंदांत असतो. टायटलचा टाइप, पहिला आवाज, पहिली रिकामी जागा, एवढ्यात बरंच सावरतं.

माझी ती चौदा मिनिटांची फिल्म मी नंतर नऊ मिनिटांवर आणली. भांडण ठेवलं, थोडं कापलं, आणि त्याच्या आधी बारा सेकंदांचा एक शॉट लावला: रिकामं स्वयंपाकघर, घट्ट बंद नळ, आणि पाणी टपकल्याचा आवाज. त्याच मित्राला परत बसवलं. या वेळी नवरा-बायकोबद्दल त्याने चकार शब्द काढला नाही. शेवट लांबलाय, एवढंच म्हणाला. तो अजूनही लांबलेलाच आहे.